दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

"गाजलेलं गाणं काय, कुणीही लावील! त्याला कान लागत नाहीत, नुसतं बोट लागतं!" असं म्हणत दातांच्या डॉक्टरांनी रेकॉर्ड मऊ फडक्याने पुसली.

ताईच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस होता. दिवाणखाना पाहुण्यांनी गच्च, आणि संगीताचं खातं धाकट्या भावाकडे, म्हणजे डॉक्टरांकडे. रेकॉर्ड एका जगप्रसिद्ध बँडची होती; त्यांची दहा-बारा गाणी सगळ्यांना तोंडपाठ होती. डॉक्टरांनी निवडलं ते बँडवाल्यांनाही धड आठवत नसेल असं!

"लोकांना आवडेल ना रे?" ताईने विचारलं.

"ताई, मी लोकांचे दात उपटतो, तरी ते परत येतात. विश्वास ठेव!"

गाणं सुरू झालं. संथ, हळुवार. थोड्याच वेळात थांबलं. लोकांनी सुटकेच्या टाळ्या वाजवल्या.

पण गाणं संपलं नव्हतं; ही त्याच्या मधली सुप्रसिद्ध, म्हणजे फक्त डॉक्टरांना ठाऊक असलेली, शांतता होती! त्यांनी हात उंचावला. "दोन मिनिटं शांतता!" आणि डोळे मिटून मान खाली घातली.

खुर्च्या सरकल्या. सगळे उभे राहिले. 'काय हा आदर!' डॉक्टरांची छाती फुगली.

"कोण गेलं हो?" शेजारणीने काकूंच्या कानात विचारलं.

"मला नाही कुणी सांगितलं."

"तुम्हाला मुद्दामच सांगितलं नसेल..."

काकूंनी इकडेतिकडे पाहिलं. फुलं आणायला गेलेले काका अजून आले नव्हते! काकूंनी तोंडाला पदर लावला. त्या रडतात म्हणून ताई रडू लागली, ताई रडते म्हणून सगळेच. डॉक्टरांनी एक डोळा किलकिला केला. 'बघा! नुसती शांतता काळजाला भिडली!'

तेवढ्यात काका भलाथोरला गुच्छ घेऊन आत आले. सगळ्यांच्या माना खाली! बिचारे मुकाट्याने मागे जाऊन मान खाली घालून उभे राहिले.

धडाम! ड्रम, शिट्ट्या, खदाखदा हसणं! गाणं पुन्हा सुरू झालं होतं. काकू किंचाळून मागे वळल्या, समोर काका दिसले, तशा दुप्पट किंचाळल्या.

"फार वाईट झालं," काका हळूच म्हणाले. "पण गेलं कोण?"

"आम्हाला वाटलं, तुम्ही!" ताईने डोळे पुसले.

काकांनी गुच्छाकडे पाहिलं. "मग हा तुला देऊ, की माझ्याच फोटोपुढे ठेवू?"

घर हास्याने दणाणलं. त्या गदारोळात डॉक्टर एकटेच ओरडत होते, "अहो, ऐका तरी! शेवटचं कडवं हेच तर खरं गाणं आहे!"