महाराजांचं डोकं भट्टीत जातं

एका जंगलात, बाळांनो, एक साळू राहत होती. तिचं नाव सुलक्षणा. ती मातीच्या बरण्या घडवायची. आपल्याच पाठीवरचा काटा उपटायची आणि त्याने बरणीवर नक्षी कोरायची. दुखायचं, पण नक्षी फार नाजूक उतरायची.

प्राणी येत, बरण्या हातात घेऊन बघत आणि म्हणत, "वा! छान वेळ जातो नाही तुमचा?"

एकदा वाघमहाराजांना मनःशांती हवीशी झाली. त्यांचे सचिव तरसराव त्यांना सुलक्षणाबाईंच्या स्टुडिओत घेऊन आले. महाराजांनी मातीत पंजे घातले आणि दुपारभर खपून स्वतःचं डोकं बनवलं. भलंमोठं, भरीव. रताळ्यासारखं दिसत होतं. सगळे म्हणाले, हुबेहूब!

"बाई, परवाच्या तुमच्या प्रदर्शनात हे हवं," तरसराव म्हणाले. "लगेच भाजून काढा."

सुलक्षणाच्या वर्षभराच्या बरण्या भट्टीत रचून तयार होत्या. तिने हात जोडले. "महाराज, हे आतून कोरून पोकळ करावं लागेल. शिवाय ओलं आहे. असंच भाजलं तर फुटेल."



"महाराजांचं डोकं पोकळ करणार तुम्ही?" तरसरावांनी विचारलं. त्यांना हसू आवरेना. तरसच ते.

"मग निदान वेगळं भाजते."

"छे! महाराज नेहमी प्रजेत मिसळतात. बरण्यांच्या मधोमध ठेवा."

ठेवलं. भट्टी पेटली. सुलक्षणा बाहेर बसून राहिली. बऱ्याच वेळाने आतून धडाम आवाज झाला. मग बारीक बारीक आवाज येत राहिले. कुठली बरणी गेली, ते तिला आवाजावरून कळत होतं.

चौकशी झाली. बरण्यांनी गर्दी केल्यामुळे महाराजांच्या डोक्यावर ताण आला, असा निष्कर्ष निघाला.

"तुम्हाला काही सांगायचंय?" तरसरावांनी विचारलं.

सुलक्षणाच्या ओंजळीत खापरं होती. तिने ती एकेक करून खाली ठेवली.

"बरण्यांचंच चुकलं," ती म्हणाली. "डोकं मी पुन्हा करून देते. अगदी भरीव."

तिने दार लावून घेतलं. नवं डोकं घडवलं, आतून नीट कोरून काढलं, सावकाश वाळवलं आणि भाजलं. एक तडा गेला नाही.

महाराजांनी त्यावर टिचकी मारली. घंटेसारखा ठण्ण आवाज झाला.

"ऐकलंत?" महाराज भारावून म्हणाले. "विचारांनी भरलेलं डोकं असं वाजतं!"

सुलक्षणाबाई दरबारी शिल्पकार झाल्या. आता जंगलातल्या बिळाबिळात महाराजांचं डोकं आहे. बरण्या करायला मात्र बाईंना सवड होत नाही. कुणी विचारतही नाही.

तात्पर्य: बाळांनो, कलावंताने काम खरं करावं आणि बोलावं खोटं. याच्या उलट वागणाऱ्यांच्या बरण्या फुटतात.