चाळीसच्या आत

आठ वर्षांच्या मुलीला गणितात अठ्ठ्याण्णव गुण पडले आणि वाचनात बारा. शाळेच्या दृष्टीने ही गंभीर बेशिस्त होती. हुशार मुलांचा वर्ग तळमजल्यावर, अडचणीच्या मुलांचा वर. आणि एका मुलीला एका वेळी एकाच मजल्यावर बसता येतं.

शिवणकाम करणारी तिची आई जिना चढून-उतरून दमली. खालच्या बाई म्हणाल्या, "वाचता येत नाही, वर न्या." वरच्या बाई म्हणाल्या, "इतकी हुशार पोर? खाली न्या." शेवटी ती मुख्याध्यापिकांपुढे जाऊन उभी राहिली. त्यांनी दोन्ही आकडे मिळवले आणि दोनाने भागले.

"पंचावन्न. अभिनंदन! मुलगी सर्वसाधारण आहे."

"अहो बाई, तिला अक्षरं नाचताना दिसतात. पुस्तक उघडलं की रडते हो."

"सर्वसाधारण मुलांना मदत लागत नाही. सरासरी चाळीसच्या आत आली, तर वाचनाचा खास तास देऊ. आता वाचन आणखी काय घसरणार? गणितात काही करता आलं तर पाहा."

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पोरीला वाचता तर यायला हवं होतं. जिना उतरेपर्यंत पोरीचा हिशेब झालासुद्धा.

"आई, गणितात सदुसष्ट पडायला हवेत. एकही जास्त नको."

पुढच्या परीक्षेत बरोबर सदुसष्ट पडले. इतकं मोजूनमापून चुकणं भल्याभल्यांना जमत नाही, पण त्याला गुण नव्हते.

खास तास सुरू झाला. वरच्या बाई मनापासून शिकवत. वाचन बारावरून वीसवर गेलं आणि लगेच पत्र आलं: सरासरी चाळीसच्या वर गेल्याने तास बंद. मुलीने गणितात एकोणसाठ पाडून घेतले, तास परत मिळाला. मग हेच चाललं. चार शब्द वाचता आले की चार गणितं सोडून द्यायची.

दोन वर्षांनी एकदा कापड बेतताना आईने विचारलं, "सत्तावीस त्रिक किती गं?" पोर बोटं मोजू लागली. नाटक करतेय की खरंच, ते आईला कळेना.

पालकसभेत मुख्याध्यापिकांनी जाहीर केलं, "वाचन एकोणचाळीस, गणित चाळीस. तफावत संपली, आता सरासरी चाळीसच्या आत असली तरी खास तासाची गरज नाही!"

आई उठून उभी राहिली. "अहो, पण तिचं गणित कुठं गेलं?"

टाळ्यांत ते फारसं कुणाला ऐकू गेलं नाही. तुम्हाला गेलं, तुम्ही तिच्या शेजारीच होतात. तुमच्या मुलाला दोन्हीकडे साठ-साठ पडले होते. तुम्ही खुणेनेच तिला खाली बसायला सांगितलंत आणि टाळ्या चालू ठेवल्यात.