केशरच्या पायावर बोललेले नवस

मिरजेच्या डॉक्टरांनी केशरला घरी पाठवताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. चालायचं. भुईवर मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, बसायचं ते खुर्चीवर. पण सकाळ-संध्याकाळ चालायचं, नाहीतर सांधा आखडेल आणि सगळी मेहनत पाण्यात जाईल. केशरनं मुकाट्यानं मान डोलावली होती. झिजलेल्या खुब्यानं तिला दोन वर्षं उंबऱ्याबाहेर पडू दिलं नव्हतं, म्हणून तर ती कॅसलरॉकला आगगाडीत बसून एवढ्या लांब गेली होती. तिला चालायला वेगळं सांगायची गरज नव्हती. पण दिवाळीच्या तोंडावर कुंभारवाड्याजवळच्या आपल्या वाडीत बैलगाडी थांबली आणि उतरण्यासाठी तिनं पाय खाली सोडला मात्र, तिची नणंद काशी दोन्ही हात पसरून आडवी आली.

"वैनी, पाय वर घे."

"का गं? साप हाय का खाली?"

"साप न्हाई. नवस हाय."

काशी त्याच वाडीत दिलेली. घर शेजारीच, त्यामुळं माहेर आणि सासर यांत तिनं कधी फरक केला नव्हता. मन तुपासारखं. तिच्यावर रागवायचं म्हटलं तरी राग कुठून सुरू करावा हे कळत नसे.

"दादानं सांगितलं की तू तकडं खाटंवर पायाला वजन बांधून पडलियास," काशी म्हणाली. "माझा जीव कासावीस झाला बघ. तवाच उळवीच्या देवाला बोलले. वैनीचा पाय बरा झाला, तर तुला दाखवल्याबिगर त्यो पाय भुईला लावणार न्हाई."

"पाय माझा, आन् बोललीस तू?"

"तू कशी बोलणार? तू गुंगीत हुतीस."

"पण बरा झालाय का न्हाई हे कळायला तरी चालायला नगं?"

"ते देव बघंल की."

केशर गाडीतच पाय वर धरून बसली. ती सोमवार धरणारी, एकादशी मोडू न देणारी, तुळशीला पाणी घातल्याशिवाय स्वतः पाण्याचा घोट न घेणारी बाई. देवाला दिलेला शब्द मोडायचा म्हटलं की ती कानांवर हात ठेवी. पण दुसऱ्यानं आपल्या पायावर बोललेला नवस आपण मोडला तर पाप कुणाच्या माथी, हे तिला कुठल्याही कहाणीत सापडलेलं नव्हतं.

त्यातून खाटेवर पडल्या पडल्या ती स्वतःही देवाला एक बोलली होती. माझ्या पायानं, कुणाचाही आधार न घेता, तुझ्याभोवती एक फेरी घालीन. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. फळायच्या आधी नवस बोलून दाखवू नये, अशी तिची समजूत. आता ही फेरी घालायची तर आधी चालायला हवं होतं, आणि चालायचं तर भुईला पाय लागणारच.

"आवं, सांगा की हिला," ती नवऱ्याला म्हणाली.

उमाजी बैलांच्या मानेवरची माशी उगीच हाकलत होता. "काय सांगू," तो म्हणाला, "मी बी एक बोललोय."

"तुम्ही काय बोललाय?"

"तुला पाठीवर घिऊन देवळाभोवती फेरी घालीन म्हणून."

केशरनं नवऱ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. उमाजी पन्नाशीला टेकलेला, काटकुळा. ती स्वतः दवाखान्याच्या खाटेवर दूध आणि पेज घेत पडून चांगली भरली होती. काही वेळा बोलण्यापेक्षा डोळे मिटून देवाचं नाव घेतलेलं बरं असतं.

दुसऱ्या दिवसापासून चालणं सुरू झालं ते असं. काशीनं दोन गोणपाटं आणली. एकावर केशर उभी राही, काशी दुसरं पुढं अंथरी, केशर काठी टेकत त्यावर जाई, काशी मागचं उचलून पुढं आणी. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला न्याहारीची वेळ उलटून जायची.

"मी चप्पल घालते," केशर एक दिवस वैतागून म्हणाली. "मग तर भुईला लागत न्हाई?"

"चप्पल भुईलाच लागती की."

"गोणपाट बी भुईलाच लागतं."

"गोणपाट अंथरूण हाय, वैनी. अंथरुणावर पाय ठिवला तर भुईला ठिवला असं कोण म्हणतं?"

केशरनं काठी पुढं टाकली. काशी कमरेत वाकून गोणपाट ओढत धापा टाकत होती.

"जरा दमानं, वैनी. माझी कंबार मोडली."

"मग तू बी जा मिरजंला."

बघायला येणाऱ्यांचा त्रास वेगळाच होता. डॉक्टरांनी खुब्यातल्या हाडाच्या गोळ्यावर धातूची वाटी बसवली आहे, हे उमाजीनं कौतुकानं सगळीकडं सांगितलं होतं. त्यामुळं जो तो वाटीची चौकशी करायला यायचा.

"पितळंची हाय का?" शेजारचा झिलू विचारी.

"न्हाई वं. कसली तरी इलायती हाय."

"मग कल्हई?"

"कसली कल्हई?"

"न्हाई, वाटी म्हंजी वर्षाला एकदा कल्हई लागणारच की. आतली कशी करणार, ह्याचा इचार डाक्टरनं केलाय का?"

केशर हळूच म्हणे, "पुढच्या खेपंला विचारते." आणि आत जाऊन देवापुढं दिवा लावी. या लोकांवर रागावण्याचं पाप आपल्या हातून घडू नये, एवढंच तिचं मागणं असे.

होता होता माघाची पौर्णिमा जवळ आली. उळवीच्या चन्नबसवण्णाची जत्रा. केशरनं सुटकेचा श्वास सोडला. एकदा देवासमोर जाऊन आलं की काशीची गोणपाटं गोठ्यात, आणि आपण मोकळ्या. पण जायचं कसं? गाडीत मांडी घालता येईना, पाय लांब करून बसावं तर चाक दगडावर चढलं की खुब्यात कळ उठे. डॉक्टरांनी तर खुर्ची सांगितली होती. वाडीच्या पंचक्रोशीत खुर्ची एकच, शाळेच्या मास्तरांची. उमाजी ती मागून घेऊन आला. मास्तरांनी दिली खरी, पण एक पाय डुगडुगतो एवढं सांगून.

गाडी वाडीतल्याच येसाजीची. त्यानं खुर्ची गाडीच्या मध्यभागी उभी करून सुंभानं चारी बाजूंनी आवळली. सुंभ दिसायला वाईट दिसतं म्हणून बैलांच्या शिंगांसाठी आणलेल्या झेंडूच्या माळांतल्या दोन त्यावर गुंडाळल्या. ऊन लागू नये म्हणून काशी मागं उभी राहून छत्री धरणार, असं ठरलं.

"अवं, हे बरं दिसत न्हाई," खुर्चीवर चढवलेली केशर म्हणाली.

"लई झाक दिसतंय," येसाजी म्हणाला. "बैलं बी बघाय लागलीत."

रस्ता रानातला. चढ-उतार, मुळं, धोंडे. प्रत्येक गचक्याला केशर डोळे घट्ट मिटून घेई आणि ओठ हलवी. खरं तर ती उमाजीला घरी गेल्यावर काय काय सुनवायचं याची मनात उजळणी करत होती. पण मागून येणाऱ्या गाड्यांतल्या लोकांना ते कसं कळावं? त्यांना दिसत होती ती झेंडूनं मढवलेल्या आसनावर, छत्रीखाली, डोळे मिटून पुटपुटणारी एक शांत बाई.

जत्रेच्या माळावर गाडीचे बैल सोडले. काशीनं उडी मारून लगेच गोणपाट अंथरलं आणि केशरला त्यावर उतरवलं. शेजारच्या गाडीतून उतरलेली इरकली लुगड्यातली एक म्हातारी हे टक लावून पाहत होती. धारवाडकडची असावी.

"ह्या का खाली पाय ठेवत नाहीत?" तिनं काशीला अडखळत्या मराठीत विचारलं.

"भुईला पाय लावायचा न्हाई त्यांनी," काशीनं खरं ते सांगितलं. "दिवाळीपासनं लावलेला न्हाई."

म्हातारीनं तोंडावर हात नेला. मग तिनं हातातला नारळ केशरच्या ओटीत घातला आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अव्वा, आशीर्वाद माड्री," ती कानडीत म्हणाली. आई, आशीर्वाद द्या.

"अवं, उठा," केशर हडबडली. "मी साधी संसारी बाई हाय. मिरजंला वाटी बसवलीय मला, म्हणून."

म्हातारीला मराठी बेताचंच येत होतं. पण मागं उभ्या असलेल्या एका गृहस्थाला येत होतं. तो बायकोला कानडीत म्हणाला, "बघ, किती लीन. साधी बाई म्हणवतात." आणि तोही वाकला.

पुढं जे झालं ते थांबवणं केशरच्या हाती राहिलं नाही. एकाचं बघून दुसरा, दुसऱ्याचं बघून तिसरा. केळी आली, विड्याची पानं आली, एकानं अंगारा मागितला. केशर प्रत्येकाला हळू आवाजात समजावू लागली, आणि तिचा आवाज जितका हळू, तितकी लोकांची खात्री पक्की. काशी गोणपाट उचलायला वाकली तर एका म्हाताऱ्यानं तिला थांबवलं आणि आपलं उपरणं वाटेत अंथरलं. लगेच दुसरी उपरणी आली, शाल आली, कुणाचा तरी पटका आला. देवळापर्यंत रंगीबेरंगी पायघडी तयार झाली.

"उमाजीराव," केशर दातांवर दात ठेवून नवऱ्याला म्हणाली. लग्न झाल्यापासून तिनं त्याचं नाव घेतलं नव्हतं, यावरून उमाजीनं काय ते ओळखलं. "ह्या कपड्यांवरनं माझी काठी घसराय लागलीय. घसरून पडले तर वाटीबिटी सगळं बाहेर यील."

"थोडंच ऱ्हायलंय. मग मी घेतोच की पाठीवर."

"त्याच्यापरीस घसरलेलं बरं."

देवळाच्या अंगणात पायघडी संपली. पुढं दगडी फरशी, आणि समोर थेट गाभारा. काशी गोणपाट शोधायला वळली, तर ते मागं गर्दीत कुठंतरी राहिलेलं. शेवटच्या शालीवर केशर काठी टेकून उभी. एवढ्यात उमाजीनं धोतराचा काचा मारला आणि तिच्यापुढं पाठ करून बसला.

"ये. चढ."

"पाय एवढा वाकवायचा न्हाई असं डाक्टर बोललाय."

"बरं, मग उचलतो." तो उठला आणि तिच्या कमरेला हात घालू लागला.

गर्दीतून दोन दांडगे पुढं आले आणि त्यांनी उमाजीचे दंड धरले. "अव्वाला हात लावतोस?"

"माझी बायको हाय ही."

"अशा अव्वाला नवरा कुठला?"

"हाय, हाय," काशी मधे पडली. "माझाच भाऊ हाय त्यो. पाठीवर घिऊन फेरी घालायचा नवस हाय त्याचा."

नवस म्हटल्यावर दंड सुटले. नवसापुढं कुणाचं काय चालणार? लोक सरकून उभे राहिले. उमाजीनं देवाचं नाव घेतलं, दोन्ही हातांनी केशरला कवेत धरलं आणि उचललं. वीतभर उचललं असेल नसेल, त्याच्या कमरेतून कट्कन आवाज आला. त्याचं तोंड उघडं पडलं. तो तसाच वाकला, वाकलेलाच राहिला, आणि अगदी जपून, जशी उचलली होती तशी त्यानं बायकोला खाली ठेवली.

केशरचा पाय फरशीवर टेकला. नुसताच, गोणपाटाशिवाय, उपरण्याशिवाय. दगड थंडगार होता.

सगळ्यांच्या नजरा त्या पायावर. काशीनं पायाकडं पाहिलं, मग गाभाऱ्याकडं पाहिलं. पाय आणि देव यांच्यामधे आता कुणीच नव्हतं.

"बघितलं देवानं," काशी हळूच म्हणाली. "फिटला माझा नवस."

केशरनं हात जोडले. दिवाळीपासून तिला एवढं हलकं वाटलं नव्हतं. मग तिनं मागं पाहिलं. उमाजी गुडघ्यांवर हात ठेवून कमानीसारखा उभा होता.

"उसण भरली," तो भुईकडं बघत कण्हला. "माझा नवस ऱ्हायला गं."

"पाठीचाच नवस हुता न्हवं? काठी घ्या, दुसरा हात माझ्या पाठीवर ठिवा आन् चला. देवाला समजतं सगळं."

केशर निघाली. काठी नवऱ्याकडं, त्याचा हात तिच्या पाठीवर, आणि ती बेतानं, एकेक पाऊल नीट टेकवत, देवळाला वळसा घालू लागली. खुब्यातली वाटी कुरकुरली नाही. कुणाचा आधार घेणार नाही असं ती देवाला बोलली होती. कुणाला देणार नाही, असं काही ती बोलली नव्हती. फेरी पुरी झाली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. उमाजीचेही आले होते, पण त्याचं कारण कंबर होतं.

परतताना उमाजीला गाडीत खाली बसवेना, म्हणून खुर्चीवर बसवावं लागलं. छत्री काशीनं धरली. केशर काठी टेकत गाडीच्या बाजूनं सपाटीपुरती चालू लागली. माळाच्या कडेला एका बाईनं त्या झेंडूच्या आसनाकडं पाहिलं आणि पुढं होऊन उमाजीच्या मांडीवर नारळ ठेवला. उमाजीनं काही समजावलं नाही. त्यानं डोळे अर्धवट मिटले आणि हात वर केला. केशरनं ते पाहिलं आणि घरी सुनवायच्या गोष्टींत एकीची भर घातली.

गाडी वळणावर आली. देवळाचं शिखर झाडांआड जायला लागलं तशी काशी छत्री सावरत मागं वळली. भावाच्या वाकलेल्या पाठीकडं बघून तिचा चेहरा कळवळला. तिनं हात जोडले.

"देवा चन्नबसवण्णा, माझ्या दादाची कंबार..."

गेल्या दोन वर्षांत हलली नव्हती इतक्या चपळाईनं केशर गाडीजवळ सरकली आणि काठीचं टोक तिनं काशीच्या जोडलेल्या हातांमधे घातलं.

"मनातल्या मनात बी न्हाई," ती म्हणाली.