मालूआत्याचा वस्तरा

मालूआत्या फुग्यांची दाढी करते. फुगवलेल्या फुग्याला साबणाचा फेस फासायचा आणि वस्तऱ्याने तो असा उतरवायचा, की फुगा फुटता कामा नये. पहिल्या महिन्यात आमच्या दूधविनायक गल्लीत रोज संध्याकाळी धडाधड बार उडत. समोरचे वेदपाठी काका दचकून स्तोत्र विसरत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत.

आत्या आमच्या दूरच्या नात्यातली, बिनलग्नाची. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी रामनगरच्या सरकारी तंत्रशाळेत न्हाव्याचं काम शिकायला जाऊ लागली. काकांनी तिला बोलावून घेतलं.

"पंडितांच्या घरातली तू. परक्या पुरुषांच्या दाढ्या करणार?"

"घाटावर मुंडण करताना वस्तऱ्याचं गोत्र विचारता का तुम्ही?" आत्या म्हणाली. "देखा जाएगा!"

हे तिचं ठेवणीतलं अस्त्र. तंत्रशाळेतले मास्तर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "बहनजी, ब्यूटी पार्लर बगलवाले कमरे में है." आत्या "देखा जाएगा" म्हणून पहिल्या बाकावर बसली ती बसलीच. तेव्हापासून ती कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, कानशिलाकडे बघते. "डावा कल्ला खाली उतरलाय तुझा. कोणी कापला? त्याला सांग, मी नापास केलं."

परीक्षेला मात्र खरा माणूस न्यायचा होता. माणूस नाही तर परीक्षा नाही. आत्या गल्लीत घरोघर फिरली. कुणाचा उपास निघाला, कुणाला एकाएकी दाढी वाढवायचं व्रत आठवलं. काकांनी तर दारच लावून घेतलं. मला गल्लीची भयंकर चीड आली. शेवटी ती माझ्याकडे आली.

"तू पण नाही म्हण, म्हणजे सगळे झाले."

खरं सांगतो, मला फुगे आठवत होते. तरी गेलो.

परीक्षक वही घेऊन शेजारी उभे. आत्याने माझी हनुवटी वर केली. वस्तरा एकदाही अडखळला नाही. परीक्षकांनी "बढ़िया" म्हणून वहीत खूण केली आणि ते पुढच्या खुर्चीकडे वळले. आत्याचा तळवा माझ्या गालावरच राहिला.

"झालं ना आत्या? पास झालीस."

"हो रे." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "आई गेल्यापासून कुणाच्या गालाला हात लावला नव्हता मी. सतरा वर्षं. कुणाला लावायचा?"

मी डोळे मिटले आणि म्हटलं, "उजवीकडे जरा राहिलंय बघ."

उजवीकडे काही राहिलं नव्हतं. आत्याने पुन्हा फेस घोळवायला घेतला.