शांतवनकाकांचा शुक्रवारचा रविवार

शांतवनकाकांचा आठवडा जगाच्या दोन दिवस पुढे चालायचा. शुक्रवारी सकाळी ते न चुकता म्हणायचे, "पोरी, आज रविवार. डोक्याला तेल लाव, उपासनेला चल." मग शनिवार आपोआप सोमवार व्हायचा. अल मनखूलमधल्या आमच्या बिल्डिंगचे ते वॉचमन. "प्लंबर मंगळवारी येणार" असं ते सांगायचे आणि प्लंबर रविवारी दारात उभा! तिसऱ्या मजल्यावरच्या बाई एकदा कडाडल्या, "काका, माझा नळ नाहीतर तुमचं कॅलेंडर, एक काहीतरी दुरुस्त करा!"

काका हलले नाहीत. "कॅलेंडर सायबाचं, वार देवाचा. खलास."

आम्ही दोघंही मिरजेचे, प्रेस्बिटेरियन. इथे आखातात सुट्टी शुक्रवारी, म्हणून उपासनाही शुक्रवारीच. अजमानच्या मजुरांच्या कॅम्पातली आमची माणसं, गवंडी, वेल्डर, सुतार, आठवडाभर उन्हात भाजून संध्याकाळी सहाला चर्चच्या हॉलमध्ये यायची. मराठीला मिळालेला तेवढा एकच तास.

मग तो फॉर्म आला. चर्चच्या परदेशातल्या मुख्य कचेरीला 'अल्पसंख्य सभासदांचं धार्मिक जीवन' पाहायचं होतं. पाहायचं तर कॅम्पात येऊन पाहा ना! एका खोलीत बारा जण झोपतात, तेही धार्मिक जीवनच आहे. पण नाही, फॉर्म. मराठी भाषांतर मी केलं. पत्रकं लिहून हात तयार होता, छातीही पुढे होती. कॅम्पात बाकावर उभी राहून मी बजावलं, "खरं लिहा! कुणाच्या बापाला घाबरू नका!"

चौथा प्रश्न होता: रविवारच्या उपासनेला किती वेळा जाता?

माणसांनी खरं लिहिलं. रविवारी ती कामावर, परांचीवर असतात. एकजात सगळ्यांनी लिहिलं, "कधीच नाही." फक्त काकांच्या फॉर्मवर होतं, "दर रविवारी. एकदाही चुकलो नाही."

चर्च कमिटीच्या सेक्रेटरीनं चष्मा पुसत निकाल दिला, "डेटा इज क्लिअर, यंग लेडी. तुमच्या लोकांना उपासनेत रस नाही. सहाचा तास आपण क्वायरच्या सरावाला देऊ."

"तुम्हीसुद्धा शुक्रवारीच येता! तुम्ही काय लिहिलंत?"

"दर आठवड्याला, ऑफ कोर्स. वुई अंडरस्टूड द स्पिरिट."

म्हणजे यांनी लिहिलं तो स्पिरिट आणि आमच्यांनी लिहिलं तो डेटा! मी टेबलावर हात आपटला. तास सोडायला त्यांनी दोन आठवड्यांची मुदत दिली, उपकार केल्यासारखी.

तणतणत बिल्डिंगखाली आले. शुक्रवार होता, साडेपाच वाजत आले होते. काका कोपऱ्यावरच्या फोन बूथमध्ये होते, इस्त्रीच्या शर्टात. राग काढायला माणूस हवा होता, मी त्यांनाच धरलं. "काका, सगळ्यांनी खरं लिहिलं आणि तास गेला! तुम्ही एकटे खोटं लिहून मोकळे!"

"शू!" त्यांनी ओठावर बोट ठेवलं आणि रिसीव्हर माझ्या कानाला लावला. "ऐक."

पलीकडे मिरज. ठण्. ठण्. ठण्. कुणीतरी पितळी ताटावर पळीनं वाजवत होतं. मधेच एका बाईचा दमलेला आवाज आला, "आलं का हो ऐकू?"

काकांनी रिसीव्हर परत घेतला. "आलं गं. स्वच्छ आलं. निघतो आता." फोन ठेवून मला म्हणाले, "तुझी काकू. इथल्या चर्चला घंटा न्हाई. पयल्या वर्षी मी फोनवर रडलो. म्हणलं, घंटा न्हाई तर रविवार कसला? तवापासनं चौदा वर्षं, माझ्या उपासनेच्या आधी ताट वाजवती. शेजारी हसतात तिला, शुक्कीरवारी कसली घंटा म्हणून."

माझ्या हातात ते फॉर्म होते, प्रत्येकावर माझ्याच अक्षरातला 'रविवार'.

काकांनी फोनचं कार्ड खिशात टाकलं. केसांवरून हात फिरवला.

"पोरी, दोन आठवड्यानं तास गेला, तर तिला काय सांगू? ताट कवा वाजव म्हणू?"