कासमभाईचा एल्क

सन दोन हजार तेवीस. माझं वय तेव्हा चौसष्ट. त्या वर्षी कुवेतमध्ये, खैतानमधल्या आमच्या बिल्डिंगीत, माझ्या शेजारच्या खोलीत, दूध आणायला जायच्या आधी वारा बघणारा माणूस राहायला आला.

वारा बघायचा म्हणजे नुसतं तोंड वर करून नव्हे. खिशात प्लास्टिकची चपटी बाटली, बाटलीत टाल्कम पावडर. दारात उभं राहून बाटली दाबायची, फुस्स, आणि पांढरा ढग कुठे सरकतो ते डोळे बारीक करून बघायचं. ढग किराणा दुकानाच्या दिशेने गेला की हा सरळ जायचा नाही. अख्ख्या बिल्डिंगीला वळसा घालून मागच्या गल्लीतून दुकानात शिरायचा. दुकानदार मल्याळी, रोज दचकायचा. मान वर केली की समोर कासमभाई, आणि कुठून आला ते कळायला मार्ग नाही.

"अहो, तो दूध विकतो," मी म्हणालो. "पळून जाणार आहे काय?"

"हलू बोल, मिस्त्री," कासमभाई कुजबुजला. "वारा तुज्याकडनं हाय."

तो कायम कुजबुजायचाच. त्याच्या घशाला काही झालंय असं मला महिनाभर वाटत होतं. मी त्याला ज्येष्ठमधाची काडीसुद्धा आणून दिली. त्याने ती चघळली आणि कुजबुजतच आभार मानले.

माणूस रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा. पेशाने आचारी. उभी हयात एकाच कुवेती घरात गेली. पहाटे निघायचा, बाबांच्या घरी जायचा, संध्याकाळी परतायचा. बाबा म्हणजे त्याचा मालक. इथे घरकामाची माणसं मालकाला बाबाच म्हणतात. बाबांना जुना नाद होता शिकारीचा. तोही असातसा नाही. अमेरिकेत पश्चिमेला जे मोठे डोंगर आहेत तिथे, गाडीरस्ता संपला की घोड्यावर सामान लादून, पार आत, जिथे माणूस नाही काणूस नाही, तिथे तंबू ठोकून राहायचं आणि एल्क नावाच्या जनावराच्या मागे फिरायचं. आणि बाबांना तिथेही मचबूस, म्हणजे इथली मच्छीची बिर्याणी, लागायचा, भात मोकळा. म्हणून दरवर्षी पानं पिवळी पडली की कासमभाईचं तिकीट बाबांच्या बरोबर निघायचं.

मी हे खरं मानलं नाही. मी पोलादपूरच्या डोंगरातला. शाळेत तिसरीपर्यंतच गेलो, पण रान मला कोणी शिकवायला नको. आमच्याकडे लहानपणी डुकराची पारध व्हायची. पत्र्याचे डबे, ढोल, शंभर माणसांची बोंबाबोंब. हाका घातला की जनावर आपोआप बाहेर. आणि हा सांगतो, शिकारीला शिंकायचंसुद्धा नाही.

"बोंब मारून जनावर येतं ता भिऊन येतं," कासमभाई म्हणायचा. "गप ऱ्हायलास तर ता आपल्या मनानं येतं."

"तुम्ही तिथे भांडी घासायला गेला होता की शिकारीला?"

"दोनी," तो म्हणाला. त्याला राग येत नसे. हीच तर माझी पंचाईत.

भाताची गोष्ट मात्र मला पटली, कारण तिचा पुरावा रोज भिंतीपलीकडे शिजायचा. तिथे इतक्या उंचावर पाणी लवकर उकळतं आणि तांदूळ दगडासारखा राहतो. कासमभाईने घरून कुकर नेला. पहिल्याच संध्याकाळी कुकरने शिट्टी दिली आणि वाट दाखवणारा गोरा गडी डोक्याला हात लावून धावत आला. कित्येक मैलांतलं जनावर पळालं म्हणाला. तेव्हापासून कासमभाई कुकरसमोर उकिडवा बसायचा आणि शिट्टी होणार त्याच्या क्षणभर आधी चमच्याने वजन हळूच उचलायचा. वाफ सुस्स करून जायची, आवाज नाही. ही सवय खैतानपर्यंत आली. चार मजल्यांवर सगळ्यांचे कुकर गाडीसारखे ओरडायचे आणि ह्याच्या खोलीतून नुसता भाताचा वास यायचा. ह्याच्याकडे डाळ कधी शिजते, ते कुणाला कळायचं नाही.

त्याच्याबरोबर रस्ता ओलांडणं म्हणजे जिवाशी खेळ. चालताना टाच आधी टेकायची, मग हळूहळू पंजा. ते एक वेळ चालेल. पण गाडीवाल्याने त्याच्याकडे बघितलं की हा भर रस्त्यात होता तसा थिजायचा. एक पाय वर. "हललास का संपलास," ओठ न हलवता मला सांगायचा. मागे हॉर्न, इजिप्तचा टॅक्सीवाला खिडकीतून आमच्या सात पिढ्या काढतोय, आणि कासमभाई झाडासारखा उभा. मी त्याला कॉलरला धरून ओढत नेलेला आहे.

एकदा शुक्रवारी तो गच्चीवर गेला आणि प्लास्टिकच्या नळीतून एल्कची हाक मारली. आधी गाढवासारखा खाली आवाज, मग तो चढत चढत बासरीसारखा बारीक होतो आणि शेवटी कोणी हुंदका द्यावा तसा तुटतो. अंगावर काटा आला माझ्या. हारिस, म्हणजे आमच्या बिल्डिंगीचा राखणदार, पाण्याची टाकी फुटली समजून वर धावला. कासमभाई कठड्याशी हात ठेवून उभा. समोर दिशा संपेपर्यंत सपाट, टाक्या, डिश अँटेना, धूळ. तो कान देऊन ऐकत होता. खरं सांगतो, हारिस आणि मी, आम्हीही घटकाभर ऐकत राहिलो.

"काय येतंय का?" हारिसने विचारलं.

"लांब हाय," कासमभाई म्हणाला.

त्या दिवशी गच्चीवरच त्याने मला खरी गोष्ट सांगितली. बाबांना झटका येऊन वर्ष होत आलं होतं. चाकाच्या खुर्चीत असतात, बोलत नाहीत, माणूस ओळखत नाहीत. मुलगे चांगले आहेत, हयगय नाही. पण घरात आता नर्स आली, तिच्या हातचं पातळ जेवण चालतं, आचाऱ्याला काम उरलं नाही. कासमभाईचं महिनाअखेरचं तिकीट काढलं होतं. कायमचं.

"बाबा मना, कासमला, जासिम म्हनायचे," तो म्हणाला. "मी त्यांच्या तोंडात घास देतो ना, तवा माज्याकडं बघतात कसं, बसमधला माणूस बघतो तसं. जायच्या आधी एकदा ओळखलान् तर बरं. बाकी काय नाय."

मग त्याने मला विचारलं, लोखंडाचा एल्क करशील का.

मी अम्गराच्या भंगार यार्डात वेल्डर. गाड्यांची हाडं, पिंपं, पाईप, सळ्या ह्यांत माझी जिंदगी गेली. अक्षर मला जड जातं, लोखंड नाही. मी म्हणालो, "कासमभाई, लोखंडाचं काय वाट्टेल ते करीन. पण जनावर मी पाहिलेलं नाही."

"सांबर बघितलायस ना? त्याचा थोरला चुलता समज."

आठवड्याभरात मी केला. धडाला दोन पिंपं, पायांना सायलेन्सरचे पाईप, शिंगांना सळ्या. पाय खाली प्लेटीवर बोल्टने बसवले, म्हणजे नेता आणता येईल. झकास सांबर झालं होतं. शेपूटसुद्धा होती. कासमभाई आला, चारी बाजूंनी फिरला.

"मिस्त्री, ही म्हस झाली."

"म्हैस? शिंगं बघा की!"

"शिंगां म्हशीची नाय, बरोबर. पन मान म्हशीची हाय. त्याची मान अशी नसते. आनि शिंगां पाठीवर जातात."

"माझ्या डोंगरात सांबराची मान अशीच असते," मी म्हणालो. "तुम्ही भात शिजवा."

तो यार्डाच्या मधोमध गेला, भर दुपारी, धुळीत हातापायांवर ओणवा झाला. सत्तरीला आलेला माणूस, अंगात इस्त्रीचा सदरा. मग गुडघे टेकून एक हात डोक्यावरून मागे नेला, बोटं फाकली, मान उचलली आणि नाक आभाळाकडे केलं. फोर्कलिफ्टवाला थांबला. दोन बंगाली गॅसकटर बंद करून हसायला लागले, आणि हसता हसता गप्प झाले. कारण कासमभाई तिथे नव्हताच. ओल्या गवतात कोणीतरी उभं होतं आणि वास घेत होतं. मला थंडीच वाजल्यासारखं झालं, अम्गराच्या त्या उन्हात.

मी मान कापली. पुन्हा जोडली. शिंगं मागे वळवली. शेपूट मात्र ठेवली. माझंही काहीतरी हवं त्यात.

थंडीत कुवेती लोक वाळवंटात तंबू टाकून राहतात. बाबांच्या मुलांचे तंबू उत्तरेला होते, जिथे सपाट जमीन एकाएकी उचलल्यासारखी होऊन टेकाडांची एक कड उभी राहते. ह्या मुलखात डोंगर म्हणावं असं तेवढंच. मोठ्या मुलाला कासमभाईने आधी विचारून ठेवलं होतं. तो म्हणाला, करा, बाबांना बरं वाटलं तर चांगलंच. गुरुवारी संध्याकाळी हाफ-लॉरीत घालून आम्ही एल्क नेला, पहिल्या टेकाडाच्या माथ्यावर उभा केला, तोंड तंबूंकडे. त्या मुलाने मला तंबूतच झोपायला सांगितलं.

शुक्रवारी उजाडताना दाट धुकं होतं. तंबू दिसेनात, गाड्या दिसेनात, उंटाची घंटा कुठून वाजते ते कळेना. जमीन होती की नव्हती तेही सांगता येईना. कासमभाईने बाबांना कांबळ्यात गुंडाळून खुर्चीत बाहेर आणलं. वाळूत चाकं रुतली की तो थांबायचा, हळू पुढे ढकलायचा. मग बाजूला उकिडवा बसला आणि दुर्बीण बाबांच्या डोळ्यांना लावून धरली. मी मागे. मी, ज्याने जन्मात खालच्या आवाजात नमस्कार केला नाही, तो श्वास धरून उभा.

धुकं विरळ व्हायला लागलं. आधी शिंगं आली. नुसतीच, हवेत. मग मान. माझ्या हातची पिंपं मला ओळखू येईनात. ते जनावर त्या पांढऱ्यातून आमच्याकडे बघत होतं आणि मला वाटलं, आता कान हलवणार.

बाबांचा हात कांबळ्यातून बाहेर आला. चाचपडत कासमभाईच्या खांद्यावर बसला.

"जासिम," बाबा म्हणाले. कुजबुजत.

कासमभाईने नुसती मान हलवली. त्याची दाढी भिजत होती, धुक्याने म्हणा. दुर्बीण मात्र हलू दिली नाही.

बाबा पुष्कळ वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "खल्लीह." म्हणजे, राहू दे त्याला.

खुर्ची आत नेल्यावर कासमभाई चहा करायला बसला. मी म्हणालो, "राहू दे काय? एवढं करून?"

"दरसाल ताच," तो म्हणाला. "बंदूक खांद्याला, जनावर समोर, आनि बाबा म्हनायचे खल्लीह. ता बघायचं, आमच्याकडं बघून झालं की निवांत चालायला लागायचं. आमी घरी येऊन सांगायचो, नेम चुकला. ह्या सगळ्यांना अजून वाटतं बाबांचा नेम वाईट." तो हसला. बिनआवाजी. मग म्हणाला, "मिस्त्री, त्याला आज काढायला होवा. दुपारी बाबा निजले का. तुकडे करून ने."

"का म्हणून?"

"सोडलेलं जनावर ऱ्हातं काय उभं? उद्या बाबा बघतील आनि ता तिथंच. मग त्यांना कळंल ना, ता खोटं होतं. मीपन खोटा होईन."

मला राग आला. खोटा म्हणे! चाळीस वर्षं मी लोकांच्या गाड्यांचे बंपर जोडले. उभ्या जन्मात बघण्यासारखी एकच वस्तू केली, तीही ह्याच्यापायी, आणि आता तिचे तुकडे करायला सांगतो.

"कासमभाई, मी केलेला माल मी तोडत नाही," मी म्हणालो. "तुमचं काम झालं ना? बाबांनी नाव घेतलं ना? मग माझा एल्क राहील तिथेच."

त्याने माझ्यापुढे चहा ठेवला. वाद घातला नाही. वाद घातला असता तर मी जिंकलो असतो. नुसता टेकाडाकडे बघत बसला, आणि थोड्या वेळाने अगदी हळू म्हणाला, "लय भारी झालाय पन, मिस्त्री. शेपटीसकट."

मी गाडी काढली आणि खैतानला परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तांबडं फुटायच्या आधी, मी अम्गरातून वेल्डिंगचं मशीन आणि चेनब्लॉक हाफ-लॉरीत टाकून एकटाच तिकडे गेलो. धुकं कालच्यासारखंच होतं. तंबूंकडून कोणाचा आवाज नव्हता. बोल्ट सोडून त्याला गाडीत चढवला आणि मागच्या मागच्या टेकाडावर नेला, जिथून तंबूतल्या माणसाला तो लहान दिसेल, पण दिसेल. तिथे तंबूंकडे पाठ करून उभा केला. मग पुढचा एक पाय गुडघ्यात कापला, वाकवला, आणि पुन्हा वेल्ड मारला. चालता दिसायला हवा होता.