मोटर फिरते, तक्रार निकाली

‘एकही तक्रार प्रलंबित नाही’ या अतुलनीय कामगिरीबद्दल हेडक्लार्कांचा सोमवारी चार वाजता सत्कार व्हायचा होता. रविवारी सकाळी दहा वाजता, सत्काराचा एकुलता एक पांढरा शर्ट साबणाच्या पाण्यात बुडालेला असताना, घरच्या जुन्या वॉशिंग मशीनने फिरायला साफ नकार दिला. मोटर नुसतीच ‘घुं’ करत राहिली. बायको दोन दिवसांसाठी भावाकडे गेलेली. मशीनला मुहूर्तही नेमका हाच सापडावा!

हेडक्लार्कांनी प्रथम प्लग काढून लावला. मग झाकण आपटलं. मग मशीनकडे चष्म्यावरून पाहिलं. या नजरेने ऑफिसात भलेभले गार होत, मशीनला मात्र काही वाटलं नाही. शेवटी त्यांनी कंपनीला फोन लावला.

“मोटर आवाज करते का?” पलीकडच्या बाईंनी विचारलं.

“करते. पण फिरत नाही!”

“तक्रार आवाजाची घेऊ की न फिरण्याची? एका वेळी एकच घेता येते.”

“न फिरण्याची.”

“मेकॅनिक उद्या सकाळी येईल. तोवर कपडे बाहेर काढू नका. मशीन रिकामं सापडलं तर ‘दोष आढळला नाही’ असा शेरा पडतो.”

हेडक्लार्कांना भरून आलं. हा शेरा त्यांनी स्वतः किती अर्जांवर मारला होता! रस्त्यावरचा खड्डा पावसाने भरला की ‘खड्डा आढळला नाही’. चला, जगात अजून शिस्त आहे.

“बाबा, शर्ट काढा आणि दोन मिनिटांत हाताने धुऊन टाका,” मुलगी म्हणाली.

“वेडी आहेस का? तो पुरावा आहे.”

पुरावा रात्रभर भिजला. सोबतीला मुलीचा नवा लाल टॉपही होता, पण पुराव्याशी छेडछाड नको म्हणून कुणी तोही काढला नाही.

सकाळी येणारा मेकॅनिक सोमवारी दुपारी तीनला उगवला. पाण्यातून त्याने गुलाबी शर्ट वर उचलून धरला तेव्हा हेडक्लार्कांनी आधी लाल टॉपकडे आणि मग घड्याळाकडे पाहिलं. मेकॅनिकने कपडे बादलीत काढले, मशीन सुरू केलं आणि तळातल्या चकतीला काठीने जरासं ढकललं. चकती गरगर फिरू लागली.

“मोटर ठणठणीत आहे साहेब. तिला सुरुवातीचा धक्का देणारा कपॅसिटर गेलाय. छोटासा भाग असतो, दहा मिनिटांत बदलतो.”

“मग बदला की!”

“तुमची तक्रार मोटर फिरत नाही अशी आहे. मोटर तर फिरतेय. कपॅसिटरची तक्रार वेगळी नोंदवा.” त्याने कागदावर लिहिलं: मोटर फिरते. तक्रार निकाली. “सही करा. आणि काय हो, हा भाग तीनेक वर्षांपूर्वीच गेलेला दिसतोय. चकतीवरचे हे काठीचे ओरखडे बघा. रोज कुणीतरी ढकलत असणार.”

बाप-लेकीने एकमेकांकडे पाहिलं. या घरात मशीनला हात कोण लावतं, हा प्रश्न आजवर चर्चेला आलाच नव्हता.

हेडक्लार्कांनी बायकोला फोन लावला. “अगं, मशीन बिघडलंय हे तू सांगितलं नाहीस?”

“सांगितलं की, तीन वर्षांपूर्वी! तुम्ही पेपरातून मानही वर केली नाहीत. ‘कपडे धुतले जातात ना?’ म्हणालात. मी म्हटलं, हो, मी ढकलते म्हणून. तर म्हणालात, ‘झालं तर मग!’ काठी दाराच्या मागे आहे. वाकून ढकला, नाहीतर कंबर धरते. माझी धरलीय.”

हेडक्लार्कांनी फोन ठेवला. खरंच लाज वाटली. पण साडेतीन वाजत आले होते.

चार वाजता ते गुलाबी, ओलसर शर्टात व्यासपीठावर उभे राहिले. “माझ्याकडे आलेली एकही तक्रार आज शिल्लक नाही,” हे वाक्य म्हणताना आवाज किंचित अडखळला. ऊर भरून आला असेल, असं सगळ्यांना वाटलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यात तुम्हीही होतात, मीही होतो. आपले शर्ट पांढरेशुभ्र होते, कडक इस्त्रीचे. घरचं मशीन कधी कुरकुरत नाही, असं आपण शेजारच्याला अभिमानाने सांगत होतो. दाराच्या मागे काठी आहे का, हे मात्र दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.